डाव्या दिव्याचं पान

१

चोरी झाली होती आणि चोरीला गेलेली वस्तू जागच्या जागी होती. आता बोला!

वाचनालयाच्या मोठ्या खोलीत समोरच्या भिंतीवर एक उंच आरसा होता आणि आरशाच्या दोन्ही अंगांना पितळेचा एकेक दिवा. वीज नवी नवी आली तेव्हाचे हे दिवे. भिंतीला बसवलेली थाळीएवढी गोल तबकडी, तिच्यातून देठासारखी बाहेर आलेली वाकडी दांडी, दांडीवर एक लांब पान, आणि टोकाला खाली मान घातलेलं काचेचं फूल. फुलाच्या आत बल्ब आणि बल्बच्या मानेशी पिळायची चिमुकली चावी. मेणबत्तीची ज्योत काही खाली तोंड करून जळत नाही, पण विजेला कसलं वर नि कसलं खाली! म्हणून त्या काळच्या कारागिरांनी मुद्दाम फुलं उलटी टांगली, बघा आमची ऐट म्हणून. शंभरावर वर्षं झाली तरी ती ऐट उतरलेली नव्हती.

संस्थेतल्या जुन्या वस्तूंची नोंद करायला त्या सकाळी एक पारखी आले होते. त्यांनी भिंग लावून पाहिलं, मोजपट्टी लावली, दोन पावलं मागे सरकले आणि सहज म्हणाले, "उजवा अस्सल. डावा नक्कल आहे."

वाचकांची वर्तमानपत्रं खाली आली. चिटणीसांचा तर आ वासलेलाच राहिला.

"कशावरून म्हणता?"

"डाव्याची तबकडी उजव्यापेक्षा चार मिलिमीटरनं लहान आहे. एखाद्या वस्तूवरून साचा घेऊन पितळ ओतलं, की थंड होताना ते आकसतं. नक्कल नेहमी अंगानं लहान भरते. आणि हे पान बघा. जोडीतली पानं एकमेकांकडे तोंड करून असतात. उजव्याचं पान आरशाकडे वळलंय, ठीक. पण डाव्याचं आरशाकडे पाठ करून बसलंय. का? तर ते उजव्याच्याच साच्यातून काढलंय."

चिटणीस धावत जाऊन उद्घाटनाच्या दिवसाचा फोटो घेऊन आले. फोटोत दोन्ही पानं आरशाकडे बघत होती. संशयाला जागाच उरली नाही. कोणीतरी अस्सल दिवा पळवून तिथे नकली लटकवला होता.

"गेल्या महिन्यात हे दिवे खाली कोणी काढले होते?" चिटणीसांनी विचारलं. उत्तर सगळ्यांना माहीत होतं. वायरमननं जुन्या वायरी बदलायला दोन्ही दिवे काढले होते आणि एक दिवस आपल्या खोलीत ठेवले होते. बिचारा दारातच उभा होता.

"मीच काढले. मीच लावले," तो म्हणाला.

"मग डावा दिवा कुठे गेला?"

वायरमन खाली बघत उभा राहिला.

"पाच वाजता कार्यकारिणी आहे," चिटणीस म्हणाले. "तोपर्यंत दिवा आणून ठेव. नाहीतर नोकरी तर जाईलच, वर पोलिसांना सांगावं लागेल."

तेवढ्यात आतल्या टेबलापाशी ग्रंथपाल बाईंनी फोन उचलला. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता, की पलीकडच्या मैत्रिणीला दोनदा विचारावं लागलं.

"लगेच ये," त्या म्हणाल्या. "तो चोर नाहीये."

"कशावरून गं?"

"ये म्हणते ना!" आणि फोन खाली.

२

पलीकडची मैत्रीण म्हणजे टेस्टरबाई. तीस वर्षं वीज मंडळात वीजचोरी पकडण्यात घालवलेली बाई. इतर बायकांच्या पर्समध्ये कंगवा असतो, हिच्या पर्समध्ये टेस्टर. म्हणून हे नाव. निवृत्त झाली तरी सवय सुटली नव्हती. कोणाच्या घरी गेली तर आधी मीटर बघायची, मग माणसं.

याच वायरमनला तिनं बारा वर्षांपूर्वी मेव्हण्याच्या दुकानासाठी तारेवर आकडा टाकताना रंगेहाथ पकडलं होतं. त्यानं दंड भरला, कान पकडले, आणि तेव्हापासून रस्त्यात दिसली की लांबूनच नमस्कार घालायचा. तेव्हा तो चोर नाही, हे टेस्टरबाई कोणाच्या सांगण्यावरून मानणार नव्हती. पण ग्रंथपाल तिची वीस वर्षांपासूनची मैत्रीण. महिनाअखेरीला निवृत्त होणार होती, निरोपाच्या भाषणाची तिला आत्तापासून धडकी भरली होती. अशी भित्री बाई एवढ्या ठामपणे कधी बोलत नसे, आणि ते ऐकून टेस्टरबाई अकराच्या ठोक्याला हजर झाली.

तिनं स्टूल ओढलं आणि कोणाला न विचारता वर चढली.

"बघा, कसा चकाकतोय," खालून चिटणीस म्हणाले. "उजव्याच्या खाचांत काजळी साठलीय. हा मात्र कोरा करकरीत. नवाच आहे, दुसरं काय!"

टेस्टरबाईनं डाव्या दिव्याच्या पानावरून अंगठा फिरवला. पानाच्या शिरा जवळजवळ पुसल्या गेल्या होत्या. उजव्याच्या शिरा मात्र अंगठ्याला टोचण्याइतक्या ठसठशीत होत्या.

"हं," ती म्हणाली. एवढंच. मग पारख्यांकडे वळली. "या काचेच्या फुलाचं काय म्हणता?"

"काचा दोन्ही अस्सल आहेत, प्रश्नच नाही. अशी काच आता कोणी फुंकत नाही. खरं सांगू का, या दिव्यात मोल आहे ते काचेलाच."

"आणि चावी?"

"चावी आणि आतलं होल्डरही मूळचंच दिसतंय."

"वा!" टेस्टरबाई म्हणाली. "म्हणजे चोरानं पितळ नेलं आणि काच भिंतीवर ठेवून गेला. केळं टाकून साल नेण्यातला प्रकार. असला अडाणी चोर मी तीस वर्षांत नाही पाहिला."

पारखी हसले, चिटणीस नाही हसले. "चोराच्या अकलेशी आम्हाला काय करायचंय? दिवा गेलाय ना?"

"गेलाय. पण कधी गेलाय, ते आपण अजून कुठे पाहिलंय?" टेस्टरबाई खाली उतरली. "फ्यूज काढा आणि दिवा उतरवा. मला दिवा नको, त्याच्या मागची भिंत बघायचीय."

वायरमननं आधी काचेचं फूल काढून टेबलावर ठेवलं, मग स्क्रू काढले. दिवा उतरवला, आणि तो टेबलावर ठेवण्याऐवजी पाठ आपल्या पोटाकडे करून, तान्ह्या बाळासारखा धरून उभा राहिला. टेस्टरबाईनं ते पाहिलं आणि मनात ठेवलं.

३

भिंतीवर तबकडीच्या जागी उघड्या गिलाव्याचा गोल होता. भोवती पांढरा रंग, पाच वर्षांपूर्वीचा. टेस्टरबाईनं टेस्टरच्या टोकानं गोलाच्या कडेपासून थोडं लांब हलकेच खरवडलं. पांढऱ्याखाली हिरवा रंग निघाला. हिरव्याखाली पिवळट, इमारत बांधली तेव्हाचा.

मग तिनं अगदी कडेला खरवडलं. पांढरा गेला, हिरवा निघाला आणि हिरव्याखाली सरळ गिलावा. पिवळट रंगाचा पत्ता नाही. तिनं गोलाच्या चारी बाजूंना खरवडून पाहिलं. सगळीकडे तेच, दोन मिलिमीटर रुंदीची कड, आणि तिच्यात हिरवा थेट गिलाव्यावर बसलेला.

"साहेब, वर या," ती म्हणाली.

चिटणीस कुरकुरत स्टुलावर चढले.

"पहिला पिवळट रंग दिला तेव्हा इथे मोठी तबकडी होती, अस्सल. रंगारी दिवा काढत बसत नाहीत, कडेकडेनं ब्रश फिरवतात. त्यामुळे मोठ्या तबकडीमागचा गिलावा कोरा राहिला. पटतंय?"

"पटतंय."

"आता हिरवा बघा. तो दोन मिलिमीटर आत शिरलाय. मोठी तबकडी असती तर ब्रश आत शिरला असता का? म्हणजे हिरवा रंग दिला त्या दिवशी भिंतीवर लहान तबकडीच होती. हीच नक्कल. महिन्यापूर्वीची गोष्टच नाही ही." ती मागे वळली. "हिरवा रंग कधी दिला होता गं?"

ग्रंथपाल बाई दारात उभ्या होत्या. "मी नोकरीला लागले त्या वर्षी," त्या म्हणाल्या. "अडतीस वर्षं झाली. रंगाच्या वासानं महिनाभर शिंकत होते."

"तुझं वय काय रे?" टेस्टरबाईनं वायरमनला विचारलं.

"चव्वेचाळीस."

"म्हणजे तेव्हा सहा वर्षांचा. साहेब, सहा वर्षांच्या पोरानं शिडीवर चढून हा दिवा बदलला असेल, तर त्याला पोलिसांत देऊ नका, बक्षीस द्या."

वाचक हसले. कोणीतरी टाळीही वाजवली. पण ज्याची सुटका झाली तो मात्र हसला नाही. वायरमनचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि हातातला दिवा त्यानं आणखी घट्ट धरला होता.

चिटणीस हळूहळू स्टुलावरून उतरले. त्यांच्या डोक्यात काहीतरी शिजत होतं. "अडतीस वर्षांपूर्वी," ते म्हणाले, "इथला वायरमन कोण होता?"

मग त्यांनी स्वतःच वायरमनकडे बोट केलं.

"याचा बाप! ज्याचा फोटो आपण कार्यालयात लावलाय. विजेच्या खोलीला ज्याचं नाव दिलंय! तो दिवा इकडे दे."

वायरमननं दिवा उलटा केला. तबकडीच्या पाठीवर खिळ्यानं ओरखडलेल्या तीन तिरक्या रेघा होत्या आणि खाली एक तारीख, अडतीस वर्षांपूर्वीची. आपल्या प्रत्येक कामाच्या पाठीवर तीन रेघा ओढायची थोरल्या वायरमनची सवय सगळ्या इमारतीला ठाऊक होती.

"झालं समाधान?" वायरमन म्हणाला. चिटणीसांना नाही, टेस्टरबाईला.

४

चारच्या सुमाराला टेस्टरबाईनं वायरमनला विजेच्या खोलीत गाठलं. तिथे वायरींची भेंडोळी, फ्यूजचे जुने बोर्ड आणि दोन स्टुलं. टेस्टरबाई एकावर बसली. वायरमन बसला नाही.

"गेल्या महिन्यात वायर बदलताना या रेघा दिसल्या मला," तो म्हणाला. "दिवा नकली आहे हे तेव्हा मला कळलं नव्हतं. आज पारखी बोलले आणि त्या रेघा आठवून डोकंच सुन्न झालं. बाबा तीस वर्षं होते इथे. जाताना हात धरून म्हणाले, वाचनालयाचे दिवे सांभाळ. मी गप्प बसलो असतो तर माझी नोकरी गेली असती, त्यांचं नाव राहिलं असतं. माझं काय, मी कुठेही दोन वायरी जोडून पोट भरीन. पण तुम्हाला खोदायची हौस! चोर पकडल्याशिवाय झोप येत नाही ना तुम्हाला?"

टेस्टरबाईला ते लागलं, कारण त्यात खोटं काही नव्हतं. आपण मुलाला सोडवलं आणि बापाला बांधलं, हे तिलाही कळत होतं. मेलेल्या माणसाला तर आपली बाजूही मांडता येत नाही.

"तुझ्या वडिलांनी दिवा विकला असं तुला वाटतं?"

"मला काय वाटायचंय? मला ते विचारणंसुद्धा नकोय."

"मी विचारते मग. ज्याला विकायचाय तो काच का ठेवेल? आणि स्वतःच्या चोरीवर कोणी सही आणि तारीख टाकतं का रे? माणूस सही करतो ती कामाची लाज वाटत नसली तर."

वायरमननं पहिल्यांदा मान वर केली.

"आणखी एक सांग. दांडी पितळेची, फूल काचेचं. हा दिवा खाली पडला तर आधी काय फुटेल?"

"काच. त्याला काय विचारायचं?"

"इथे काच शाबूत आहे, आणि पितळ मात्र नवं ओतावं लागलं. हे कसं झालं?"

वायरमन विचार करू लागला. राग जरा बाजूला झाला आणि त्याच्यातला कारागीर जागा झाला. "काच तेव्हा दिव्यावर नसेल," तो सावकाश म्हणाला. "उतरवून ठेवली असेल."

"काच कधी उतरवतात?"

"धुवायला."

"तू धुतोस? तुझे वडील धुवायचे?"

"छे! वायरमन काच धूत नाही, बाई. पूर्वी ते काम नव्या माणसाचं असायचं. जो शेवटी नोकरीला लागेल त्यानं आठवड्याला काचा धुवायच्या आणि पितळ पुसायचं. बाबाच सांगायचे."

टेस्टरबाई उठली. घड्याळात साडेचार वाजून गेले होते. अडतीस वर्षांपूर्वी नवं कोण होतं, हे हजेरीच्या जुन्या पुस्तकात सापडणार होतं. ते पुस्तक मागायला ती ग्रंथपालांच्या टेबलाशी गेली.

"कपाटाची किल्ली देते," ग्रंथपाल बाई म्हणाल्या आणि त्यांनी घाईघाईनं खालचा खण ओढला. किल्लीबरोबर एक पिवळं फडकं बाहेर आलं आणि जमिनीवर पडलं. पॉलिशनं काळंकुळकुळीत झालेलं, मधोमध अंगठ्याएवढी जागा विरलेली.

टेस्टरबाईनं ते उचललं. हजेरीचं पुस्तक आता बघायची गरज उरली नाही. काखेत कळसा म्हणतात तो हाच!

५

"डाव्या दिव्याच्या पानाच्या शिरा झिजल्यात," टेस्टरबाई म्हणाली. "नव्या वस्तूच्या शिरा झिजत नाहीत. कोणीतरी तोच एक दिवा वर्षानुवर्षं पुसत आलंय. उजव्याला हातसुद्धा लागलेला नाही."

ग्रंथपाल बाई खुर्चीत बसल्या. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"दर शुक्रवारी," त्या म्हणाल्या. "वाचक यायच्या आधी."

टेस्टरबाई गप्प राहिली. चोरांपुढे ती असंच करायची, पण आज तिला स्वतःला बोलवत नव्हतं.

"वीस वर्षांची होते. नोकरीचा दुसरा महिना. वडील नुकतेच गेले होते, घरात आई आणि दोन लहान बहिणी. शुक्रवारी संध्याकाळी, वाचनालय बंद झाल्यावर, काच उतरवून टेबलावर ठेवली आणि स्टुलावर चढून पितळ पुसत होते. स्टूल डुगडुगलं. मी दांडीला लोंबकळले आणि सगळं माझ्याबरोबर खाली आलं. दांडीचे दोन तुकडे, तबकडी तडकलेली, पानाचे तर तुकडे तुकडे. मी तिथेच बसून रडत होते. थोरले वायरमन आले. त्यांनी काय विचारलं असेल सांग? म्हणाले, पोरी, काच शाबूत आहे ना? मग रडतेस कशाला! पितळ काय, पुन्हा वितळतं."

"आणि वितळवलं."

"त्यांचा एक ओतारी मित्र होता. शनिवार-रविवार सुट्टी होती. सगळे तुकडे गोळा करून घेऊन गेले, अगदी झाडूनसुद्धा. डाव्याचं पान साच्याला उरलंच नव्हतं, म्हणून उजव्यावरून साचा घेतला. डाव्याचं पान उलट्या बाजूला हवं, हे घाईत दोघांच्याही लक्षात आलं नाही. सोमवारी सकाळी भिंतीवर चढवला तेव्हा दिसलं. म्हणाले, पानाकडे कोण बघतंय? आणि खरंच अडतीस वर्षं कोणी बघितलं नाही." त्यांनी डोळे पुसले. "तुझी नोकरी अजून पक्की नाही, कोणाला सांगायचं नाही, असं वचन घेतलं माझ्याकडून. नंतर नोकरी पक्की झाली, बहिणींची शिक्षणं झाली, ते निवृत्त झाले, वारले. मी पुसत राहिले."

"आज सकाळी त्याच्यावर आळ आला तेव्हा तू इथेच होतीस."

"होते. तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. अगं, महिनाअखेर निरोप आहे माझा. म्हणून मग तुला फोन केला."

"मी शोधून काढीन हे ठाऊक असताना?"

"तुला बोलावलं ते शोधून काढशील म्हणूनच. मला सांगता येत नव्हतं. तू तरी सांगशील."

टेस्टरबाईनं फडक्याची नीट घडी घातली आणि मैत्रिणीच्या हातात दिली. "मी नाही सांगणार," ती म्हणाली. "चोर पकडणं हे माझं काम, आणि इथे चोर नाहीये. बाकीचं तुझं तू बघ. पाचला दहा मिनिटं आहेत."

पाच वाजता चिटणीसांनी विषय मांडला: विजेच्या खोलीवरची पाटी उतरवावी, फोटो काढावा. वायरमन भिंतीला टेकून उभा होता, शिक्षा ऐकायला आल्यासारखा. टेस्टरबाई मागच्या खुर्चीवर बसली होती आणि तिला वाटत होतं, आपण सांगून टाकायला हवं होतं. ही काही उठायची नाही.

पण ग्रंथपाल बाई उठल्या. हातात पिवळं फडकं होतं. निरोपाच्या भाषणाला भिणारी ती बाई पाच मिनिटं अखंड बोलली. डुगडुगणारं स्टूल, तुकडे, ओतारी, वचन, आणि आज सकाळचं गप्प बसणं. तेही तिनं वगळलं नाही.

 चिटणीसांनी समोरचा कागद उलटा करून ठेवला. पारखी खाकरले आणि नोंदवहीत लिहिता लिहिता मोठ्यानं वाचू लागले, "डावा दिवा. काच, चावी व होल्डर मूळचे. पितळ मूळचेच, फेरओतणी केलेले. कारागिराची खूण, तीन रेघा."

"म्हणजे बाबांनी विकला नाही," वायरमन म्हणाला.

"विकला?" ग्रंथपाल बाई म्हणाल्या. "त्यातला कणसुद्धा त्यांनी दुसरीकडे जाऊ दिला नाही."

वायरमननं मान हलवली. मग त्याचा आवाज चढला. "आणि तुम्ही सकाळपासून बघत होता! माझ्या बापानं तुमच्यासाठी एवढं केलं आणि तुम्ही..."

"हो," त्या म्हणाल्या. "चुकलं माझं."

 वायरमन दिवा घेऊन तरातरा बाहेर गेला. टेस्टरबाई त्याच्या मागे निघाली, मग ग्रंथपाल बाई, मग हळूहळू सगळेच. मोठ्या खोलीत त्यानं तबकडी भिंतीला लावली, स्क्रू पिळले, वायर जोडली. पान पुन्हा आरशाकडे पाठ करून बसलं. तो खाली उतरला आणि टेबलावरचं काचेचं फूल उचललं. बराच वेळ ते हातात धरून उभा राहिला. राग पुरता गेला नव्हता, चेहऱ्यावर दिसत होता.

मग त्यानं काच ग्रंथपाल बाईंपुढे धरली.

"काच तुम्ही लावा," तो म्हणाला, आणि खाली वाकून त्यानं दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं. "चढा. मी धरलंय."